शिकागो मॅरेथॉन आणि घटस्थापना एकाच दिवशी: उपवासाचं खाणं आणि नंदादीप, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय, खास करून शिकागोकरांचा आणि उपवास धरून लांब पळणाऱ्यांचा.

माझी पहिली मॅरेथॉन ११ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे नवरात्र पुढे गेलंय, घटस्थापना पण नेमकी त्याच रविवारी! आमच्याकडे उठता-बसता उपवास असतो, म्हणजे पहिला उपवास बरोबर ४२.१९५ किमीच्या दिवशी. सासूबाई कोल्हापूरहून आल्यात, घट त्याच बसवणार. त्या म्हणाल्या, "अगं तू नको धरू यंदा, देवीला कळतं सगळं." पण मी लग्नाआधीपासून धरत आलेय आणि मला धरायचाच आहे, तेव्हा 'सोडून दे' हा सल्ला कृपया नको.

आधी खाण्याचं. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज पोटात जायला हवेत. पळताना खायच्या तयार एनर्जी जेलमध्ये बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली कार्ब्जची पावडर) असतं, ते इथे जास्त करून मक्यापासून करतात आणि मका आमच्याकडे उपवासाला चालत नाही. म्हणून सध्या खजूर. एका मोठ्या मेडजूल खजुरात साधारण १६-१८ ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे तासाला तीन खाल्ले की हिशोब बसतो. सासूबाईंचे श्रावणी शनिवार आणि माझा लाँग रन (आठवड्यातला लांब पल्ल्याचा सराव) एकाच दिवशी येतात त्यामुळे रंगीत तालीम आयतीच होतेय, त्या पहाटे उठून बिया काढून आत चिमूटभर सैंधव भरून देतात आणि ते खरंच छान लागतं. राजगिऱ्याचा लाडू मात्र पळताना तोंडात भुगा होऊन बसतो, पाण्याशिवाय उतरत नाही. साबुदाण्याची खिचडी तूप आणि दाण्याच्या कुटामुळे जड जाते. सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी काय खावं? वरीची पातळ पेज कोणी खाऊन पळलंय का? शिजवलेलं रताळं कुस्करून पिशवीत भरून नेलं तर टिकतं का? पाच तासांत नुसता खजूरच खजूर झाला तर पोट बिघडेल अशी धास्ती आहे, त्यात फायबर पण बरंच असतं.

आता दुसरा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर माझा जीव यातच जास्त अडकलाय. सासूबाईंना मला पळताना बघायचंय. आम्ही शिकागोच्या एजवॉटर भागात राहतो, तळ्याकाठच्या लेकफ्रंट ट्रेलच्या उत्तर टोकाजवळ, तर मी पळायला निघाले की त्या फॉस्टर बीचजवळच्या बाकावर येऊन बसतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा अनोळखी लोक मला "गुड जॉब" म्हणत गेले, त्यावर त्यांनी विचारलं, "ओळखीचे होते का गं?" आता त्या स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक रनरला हात जोडून "गुड जॉब" म्हणतात आणि काही जण थांबून नमस्ते करून जातात. इतक्या खूश असतात त्या! त्यांना शर्यतीच्या दिवशी घरात बसवायचं माझ्या मनाला पटतच नाही.

पण नंदादीप एकटा सोडून बाहेर पडायचं नाही हा त्यांचा नियम, आणि लाकडी बांधकामाच्या बिल्डिंगमध्ये पेटता दिवा सोडून जाणं मलाही मान्य नाही. विजेचा दिवा त्यांना चालत नाही. सूर्योदय सातच्या सुमारास, पहिली वेव्ह (रनर्सची तुकडी) साडेसातला ग्रँट पार्कमधून सुटते, म्हणजे घट बसताना मी घरी नसणारच. पूजा आटोपून नवऱ्याने त्यांना रेड लाईन ट्रेनने सर्मॅक-चायनाटाऊन स्टेशनला न्यायचं असं मनात आहे, तो शर्यतीतला २१ मैलांच्या (साधारण ३४ किमी) पुढचा टप्पा आहे आणि तिथेच मला घरच्या माणसाची सगळ्यात जास्त गरज लागणार. पण मग दिव्यापाशी कोण?

इथे अपार्टमेंटमध्ये नऊ दिवस दिवा ठेवणाऱ्यांनी काचेची चिमणी, स्मोक अलार्म वगैरेचं काय केलं तेही सांगा. आणि एजवॉटर, अँडरसनव्हिल किंवा डेव्हनच्या बाजूला कोणी मराठी कुटुंब असेल ज्यांना त्या दिवशी दहा ते दोन आमच्या घरी दिव्यापाशी बसता येईल, तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फराळाचं सगळं आमच्याकडे.