टिपानियांचं गाणं समोर बसून ऐकायचंय

इंदूरकर: बाबांना प्रह्लादसिंह टिपानियांचं कबीरगायन प्रत्यक्ष ऐकवायचंय. ते गातात ती माळवी बोली बाबांना कळते, पण आता मांडी घालून बसवत नाही. जमेल का?

राजवाडा: नक्की न्या! खुर्ची मागून घ्या, पण बसा पुढेच. एका हातात तंबुरा, दुसऱ्यात करताल, दोन्ही तेच वाजवतात. ती बोटं जवळून बघायला हवीत. मध्येच थांबून ओळीचा अर्थ सांगतात. शाळेत मास्तर होतेच ना! मला तर ते थांबणंच जास्त आवडतं.

देवासवाली: गाव लुनियाखेडी, उज्जैन जिल्हा. २०११ची पद्मश्री. आवाज मात्र अजून ओसरीवरचाच, आपल्या माणसाचा.

इंदूरकर: बाबांना वाचून दाखवलं. जाकीट इस्त्रीला दिलंय त्यांनी.