पत्नीला आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागेल का?

प्रश्न (म्हापसा): ऑस्ट्रेलियाच्या १८९ पीआर (कुशल कामगारांचा कायम वास्तव्याचा व्हिसा) अर्जात पत्नीही आहे. तिची चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढं इंग्रजी माध्यम, मग बी.कॉम. परीक्षा टाळता येईल?

उत्तर: हो. जोडीदाराला ‘फंक्शनल इंग्लिश’, म्हणजे कामापुरतं इंग्रजी, पुरतं. इंग्रजीतून शिकलेलं पदवीचं एक पूर्णवेळ वर्षही चालतं. नुसती गुणपत्रिका लावू नका. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी अभ्यासक्रम, कालावधी आणि ‘सर्व शिक्षण इंग्रजीतून’ हे शब्द हवेत. ‘सर्व’ हा शब्द राहून गेला तर पत्र पुन्हा करून घ्या.

दुसरं उत्तर: पत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाह दाखला जोडाच. इंग्रजीचा पुरावाच नसेल तर व्हिसा मिळण्याआधी व्हिसा फीचा दुसरा हप्ता भरावा लागतो, चार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांहून जास्त! त्यापुढं परीक्षेची फी स्वस्त.

प्रश्नकर्ता: शाळेचं पत्र?

उत्तर: माध्यमिकची पाच वर्षं इंग्रजीतून असतील तर तेही चालतं.