बोललेली कविता तबकडीवर: कलाकृती की नुसती हौस?

खाचखळगे:
काव्यवाचन आणि परफॉर्मन्स आर्ट एलपीवर (मोठ्या तबकडीवर) काढू नये, असं माझं मत आहे. शिव्या नंतर द्या, आधी कारण ऐका. गाण्यात काही ना काही सतत वाजत असतं, त्यात तबकडीची चरचर बुडून जाते. वाचनात मात्र कवी ओळ संपवून थांबतो आणि नेमकी तिथेच टिकटिक ऐकू येते. त्यात पूर्वप्रतिध्वनीची भर. लॅकर (जिच्यावरून पुढे प्रती निघतात ती मऊ लेपाची मूळ तबकडी) कापताना जोरकस आवाजाची खाच शेजारच्या, आधीच्या फेऱ्यातल्या खाचेची भिंत किंचित ढकलते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एक फेरा १.८ सेकंदांचा. म्हणजे कवीनं मोठा विराम घेऊन ‘पेटव!’ म्हणायच्या १.८ सेकंद आधीच तुम्हाला विरामातून पुसटसं ‘पेटव’ ऐकू येतं. रहस्य आधीच फुटलं!

मंदध्वनी:
दोष कटिंगचा आणि शिक्षा माध्यमाला? विरामानंतर ओरड कुठे येते, याची मिनिट-सेकंदासह यादी कटिंग करणाऱ्याला द्या. तो तेवढ्या दोन-तीन फेऱ्यांत खाचांमधलं अंतर वाढवतो. तेही नको असेल तर लॅकरऐवजी थेट तांब्याच्या तबकडीवर कापून घ्या, तिथे हा दोष बराच कमी होतो.

वाचनाच्या रेकॉर्डचा खरा शत्रू म्हणजे ‘स’, ‘श’ आणि ‘च’. आरआयएए वक्रानुसार (मंद्र सूर दाबून तार सूर वाढवायचा ठरलेला मापदंड) कापताना १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल वाढ मिळते, त्यामुळे माइकवर गोड वाटलेला ‘स’ खाचेत करवतीसारखा उतरतो. सगळ्या पट्टीवर सरसकट डी-एसर (‘स’सारखे आवाज आपोआप दाबणारं साधन) लावला की कवी बोबडा बोलतो. त्यापेक्षा एकेक ‘स’ शोधून हातानं ३-४ डेसिबल खाली आणा. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज नाही. ‘प’ आणि ‘फ’च्या फुंकरीसाठी ८० हर्ट्झखालचं सगळं कापा. आणि मोनो ठेवा! एकट्या आवाजाला स्टिरिओ कशाला? मोनोत खाच फक्त आडवी हलते. ऐकणाऱ्यानं अँप्लिफायरचं मोनो बटण दाबलं की उभ्या हालचालीतून येणारी बरीच चरचर आपोआप वजा होते.

राहिला क्रम. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर तबकडी सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. वेग कमी तिथे ‘स’ जास्त फाटतो, म्हणून सकार-शकारांची कविता रेकॉर्डच्या बाजूच्या सुरुवातीला आणि पुटपुटलेली शेवटी.

तिसरी घंटा:
इथेच तर अडतं. सादरीकरणाचा क्रम हा तबकडीच्या सोयीचा मामला नव्हे. चढत जाणाऱ्या प्रयोगाचा कळस शेवटीच येणार आणि तुमच्या हिशोबानं तो सगळ्यात वाईट खाचेत पडणार. मग काय, कळस आधी वाजवायचा? शिवाय परफॉर्मन्स आर्टमध्ये शरीर असतं. कलाकार दहा मिनिटं नुसता उभा आहे, हे खाचेत कसं कोरणार? वाचनाचं मी समजू शकते. १९५२ साली केडमन या रेकॉर्ड कंपनीच्या पहिल्या एलपीसाठी कवी डिलन टॉमसच्या कवितांनी दोन्ही बाजू भरेनात, म्हणून एक गद्य आठवण वाचून घेतली आणि तीच पुढे गाजली. तो शुद्ध आवाजाचा मामला होता. प्रयोगाचं तसं नाही.

मंदध्वनी:
कळसावर उपाय आहे. बाजू १६ मिनिटांत संपवा. १६ मिनिटांत ५३३ फेरे होतात. इंचाला २०० खाचा धरल्या तर सुमारे ६८ मिलिमीटर जागा जाते आणि सुई केंद्रापासून ७८ मिलिमीटरवर थांबते. आतला बिघाडाचा पट्टा कोराच राहतो.

खाचखळगे:
आणि प्रयोग ४० मिनिटांचा असेल तर? अखंड प्रयोगाचे तीन तुकडे करून मध्ये श्रोत्याला उठवायचं? एका बाजूत २८ मिनिटं कोंबली तर पातळी उतरवावी लागते आणि विरामातली चरचर तेवढीच वर येते. तांब्याबद्दलही एक शंका आहे: त्यावरचा तार आवाज अनेकांच्या कानाला कडक लागतो. पूर्वप्रतिध्वनी गेला, पण ‘स’ उरलाच.

अर्धविराम:
तुम्ही सगळे रेकॉर्डला प्रयोगाची फोटोप्रत समजताय. ती स्वतःच प्रयोग होऊ शकते. कलाकार ख्रिश्चन मार्कले यांनी १९८५ साली एक रेकॉर्ड मुद्दाम वेष्टनाशिवाय विकायला काढली. वाटेत पडणारे ओरखडे हाच तिचा मजकूर, त्यामुळे प्रत्येक प्रत वेगळी वाजते. तिसरी घंटा, तुम्ही शरीर शोधताय ना? ते इथे तबकडीचं आहे. दुसरं उदाहरण बंद खाचेचं. खाच स्वतःलाच मिळते आणि १.८ सेकंदांचा तुकडा सुई उचलेपर्यंत फिरत राहतो. १९९३ च्या ‘आरआरआर-१००’ या रेकॉर्डवर अशा १०० खाचा आहेत. एकच शब्द त्यात अडकवला की दहाव्या फेऱ्याला अर्थ गळून नुसता नाद उरतो. फाइल लूपवर टाकूनही हे जमेल, पण तिथे उठून सुई उचलायची जबाबदारी तुमच्यावर नसते.

तिसरी घंटा:
हे मान्य. पण मग असं काम मुळातच तबकडीसाठी रचलेलं असावं. झालेल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण खाचेत ओतलं की ते नाही होत.

मंदध्वनी:
बंद खाच करायचीच असेल तर दोन गोष्टी. शब्दाचं शेपूट आणि डोकं शांततेत जुळवा, नाहीतर सांध्यावर दर फेऱ्याला ‘टक्’ येतो. आणि ती बाजूच्या अगदी शेवटी ठेवू नका. स्वयंचलित प्लेअर तिथे पोचताच हात उचलतो आणि अर्धविराम यांचा शब्द एकदाही धड फिरत नाही.