मदत हवी आहे : वडिलांना मॉर्फिनच्या गोळ्या घरी कशा द्याव्यात?

नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातील एका गावात राहतो. माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, प्रोस्टेटचा कर्करोग मणक्याच्या हाडांत पसरला आहे. पंधरा दिवसांपूर्वी मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची साधी गोळी दर ४ तासांनी सुरू केली : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता दोन, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही.

अडचण अशी की, ‘अफूची गोळी आहे, एकदा लागली की सुटत नाही’ असे नातेवाइकांनी आईच्या मनात भरवले असून नाना कण्हू लागल्याशिवाय ती गोळी काढत नाही. परवा दुपारची गोळी अशीच राहिली. साडेपाचला मी शेतातून आलो, तेव्हा नाना बाजेची दोरी मुठीत आवळून पडले होते. ‘आते सोसवत नही रे’ एवढेच म्हणाले. मूठ सोडवली, तर तळहातावर दोरीचे वळ उठलेले होते.

दुखत नसतानाही वेळ झाली की गोळी द्यावीच का? पाच दिवसांपासून त्यांना शौचास झालेले नाही. आम्ही इसबगोल देत आहोत, पण ते पाणी फार कमी पितात. गावातील डॉक्टरांनी पूर्वी दिलेली झोपेची गोळीही रात्री चालू आहे. शिवाय गुडघेदुखीसाठी आत्या यातील एक गोळी मागत आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

दादा, मी धुळ्याची असून वेदनाशामक उपचार विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. सर्वांत आधी झोपेच्या गोळीचे बघा. मॉर्फिन आणि झोपेची गोळी एकत्र आल्यास श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, म्हणून आज रात्रीच्या गोळीआधीच मुंबईच्या डॉक्टरांना फोन करा. झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. दारूचा थेंबही चालणार नाही.

गोळी घड्याळाप्रमाणेच द्यावी. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे ४ तास टिकतो. वेदना उसळल्यावर तिला आवरणे अधिक कठीण जाते. आईंना सांगा की, कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. शरीराला सवय होते हे खरे. म्हणूनच ते अचानक थांबवायचे नसते, डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. सुरुवातीच्या दिवसांतील गुंगी आणि मळमळ बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर रेचक पहिल्या दिवसापासूनच लागते. पाणी कमी पडल्यास इसबगोलाने मळ उलट घट्ट होतो, तेव्हा फोनवर रेचकही विचारून घ्या; पोट फुगून उलट्या होत असतील, तर वाट पाहू नका.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची मला विशेष काळजी वाटते. अंगातील पाणी कमी झाले किंवा मूत्रपिंड मंदावले, की मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात. हाका मारूनही नाना नीट जागे होत नसतील, श्वास मिनिटाला आठांहून कमी झाला किंवा ओठ निळसर दिसले, तर पुढची गोळी देऊ नका आणि लगेच १०८ ला फोन करा. हातापायांना झटके येऊ लागले किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे मात्र या औषधात नेहमीचेच असते.

आत्यांना गोळी मुळीच देऊ नका. नानांना सोसते ती मात्रा दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. गोळ्या कुलपात ठेवा, दिलेली वेळ वहीत लिहा आणि उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत करा. २०१४ साली अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले आहे. त्यामुळे दर वेळी मुंबईला जावे लागू नये म्हणून जवळची अशी संस्था डॉक्टरांनाच विचारा.

धागाकर्ता :

ताई, मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलणे झाले. त्यांनी रेचक सुरू केले, झोपेची गोळी कशी कमी करायची ते सांगितले आणि मूत्रपिंडाचे काम कळावे म्हणून रक्तातील क्रिएटिनिन तपासायला लावले. तुमचे उत्तर मी आईला दोनदा वाचून दाखवले. कुलपाची किल्ली आता तिच्याच कमरेला आहे आणि आज दुपारी २ ची नोंद वहीत तिनेच केली. रक्ताचा अहवाल उद्या मिळेल, तो डॉक्टरांना कळवून येथेही लिहितो.