मोटर चालू होतानाचा झटका रीडिंगमधून कसा काढायचा? (मदत हवी, लवकर)

वावरवाला_पोट्टा: राम राम मंडळी. विहिरीवरच्या मोटरले पीझेम (करंट मोजायचं मीटर) लावून ईएसपीवर (वायफायवाला छोटा बोर्ड) करंट पाहून राहिलो, १० अँपिअरच्या वर गेला का टेलिग्रामवर मेसेज येते. लफडं असं का लाईन आली की मोटर ऑटोवर चालू होते अन् चालू होतानाच ४५ च्या आसपास रीडिंग येते, मग लगेच ७ वर उतरते, पण तोपर्यंत मेसेज जाऊन चुकलेला असते. काल रात्री लाईन ९ वेळा गेली-आली, ९ मेसेज, बाबा टॉर्च घेऊन वावराकडं निघाले होते. मी ॲव्हरेज लावून पाह्यलं, काही फायदा नाही. कोणाकडं कोड असंन तर टाका ना.

संत्रेवाला: मोटर किती एचपी? रीडिंग किती सेकंदाले घेता? ॲव्हरेज कितीचं? एवढं तर सांगा आधी.

वावरवाला_पोट्टा: ५ एचपी, थ्री फेजच असते ना वावरात. कोड टाका ना फक्त.

बळीराजा_७२: बिल तर एप्रिल २०२४ पासून माफच आहे ना ७.५ एचपीपर्यंत, मग युनिट मोजून करता काय?

वावरवाला_पोट्टा: युनिट नाही मोजत काका, मोटर जळू नये म्हणून. अन् रीडिंग दर सेकंदाले, ॲव्हरेज ५ चं.

संत्रेवाला: मग बरोबर आहे, ॲव्हरेजनं नाहीच जमणार. ४५, ७, ७, ७, ७ याची सरासरी काढा, १४.६ येते, म्हणजे १० च्या वरच. उलट एका सेकंदाचा झटका तुम्ही चार-पाच सेकंदांवर पसरवून ठेवला. ॲव्हरेज हटवून त्याच्या जागी मीडियन टाका, हेच पाच आकडे लहान-मोठे लावले तर मधला ७ येते, ४५ गायब. ईएसपीहोम (ईएसपीचं तयार सॉफ्टवेअर) असंन तर मीडियन तयारच आहे, फक्त 'सेंड एव्हरी' १ करा, नाही तर आपल्या मनानं पाच रीडिंगमागं एकच देते.

रिवायंडिंगवाला: मीडियन-फिडियन सोडा भाऊ. व्होल्टेज पडलेलं असलं तर मोटर स्पीड पकडायले तीन-चार सेकंद घेते, मग पाचातले तीन आकडे मोठेच, मधलाही मोठाच. आमच्याकडं रात्री ३२० व्होल्टवर मोटरी चालतात राजेहो.

संत्रेवाला: हे मात्र खरं. मग सरळ अट घाला, सलग ८ सेकंद १० च्या वर राह्यलं तरच मेसेज. मधात एक जरी रीडिंग खाली आलं तर मोजणी शून्य. चार ओळींचं काम आहे, फिल्टरच लागत नाही.

सोलरप्रेमी: यापेक्षा सौर पंप घ्या ना, सरकारी योजनेत १० टक्केच भरा लागते, रात्रीचं जागरण खतम.

रिवायंडिंगवाला: सोलरवाले आले परत. अन् ८ सेकंद? मोटर जाम झाली तर ८ सेकंदात वाईंडिंग गरम होते.

संत्रेवाला: मेसेज आल्यावर तरी काय करणार? वावरात पोचेपर्यंत अर्धा तास. मोटर वाचवणं ओव्हरलोड रिलेचं काम आहे, तो झटका आपोआप सोडून देते, त्याची पट्टी गरम व्हायलेच वेळ लागते. रिले कितीवर सेट आहे?

वावरवाला_पोट्टा: रिले बाबांनी मागच्या उन्हाळ्यात डायरेक्ट करून टाकला, सारखा ट्रिप मारे.

रिवायंडिंगवाला: हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं ना बे! दोन दिवसांपासून फिल्टर फिल्टर करून राहिला अन् रिलेच नाही. डायल कितीवर होता?

वावरवाला_पोट्टा: ६ वर. ६ ते १० चा आहे.

रिवायंडिंगवाला: मोटर ७ घेते अन् रिले ६ वर, ट्रिप नाही मारंन तर काय करंन? पाटीवरचा करंट पाह्य, ५ एचपीले साधारण ७.५ असते, तेवढ्यावर लाव. सिंगल फेज प्रिव्हेंटरही लाव, एक फेज गेला का तो मोटर बंद करते. तुझा सीटी (तारेवरचा करंट सेन्सर) एकाच फेजवर असंन, तोच फेज गेला तर मोबाईलवर शून्य दिसंन अन् मोटर इकडं दोन फेजवर गुणगुणत जळंन.

संत्रेवाला: अजून एक, विहिरीचं पाणी तुटलं तर अँपिअर थोडाच उतरते, वॅट जास्त पडते. ड्राय रनसाठी वॅट पाहा.

फ्रीजवाली_ताई: माझ्या फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू होताना घरचे लाईट मिणमिणतात, स्टॅबिलायझर लावू का?

वावरवाला_पोट्टा: ८ सेकंदवालं टाकलं. रात्री लाईन ४ वेळा गेली-आली, मेसेज एकही नाही. मीडियन काढून टाकला. रिले उद्या जोडतो, बाबा अजून नाहीच म्हणून राहिले.

रिवायंडिंगवाला: बाबाले माह्या दुकानात घेऊन ये, जळलेल्या वाईंडिंगचा ढीग दाखवतो.

फ्रीजवाली_ताई: माझं कोणी सांगेल का?