चर्चा : ट्रक सिम्युलेटरचं स्टिअरिंग मेलेलं वाटतं म्हणता, पण खऱ्या ट्रकचं तरी किती जिवंत असतं?

निवांत_गिअर :
युरो ट्रक सिम्युलेटर २ हा गेम २०१२ चा, तरी अजून प्रत्येक नवा माणूस व्हील (कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग) घेतलं की आठवड्याभरात तेच रडगाणं सुरू करतो, स्टिअरिंगला फीलच नाही म्हणे. माझं मत उलटं आहे. रेसिंग गेममधून आलेल्या मंडळींना ट्रककडूनही रेस कारचाच फील पाहिजे असतो. अरे बाबांनो, ट्रकला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, मध्ये तो जाडजूड स्टिअरिंग बॉक्स, पुढे लांबलचक रॉड, रस्त्याची बारीक खरखर हातापर्यंत यायच्या आधीच जिरून जाते. या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच फेरे मारायचे. हलकं आणि जरा सुस्त, हाच ट्रकचा फील. गेमच्या सेटिंगमधले इंजिनाची थरथर आणि रस्त्याचे हादरे असे सगळे स्लायडर फुल करून "आता कसं रिअल वाटतंय" म्हणणाऱ्यांनी एकदा खऱ्या केबिनमध्ये बसून बघावं.

कसारा_उतार :
केबिनमध्ये आम्ही रोज बसतो भाऊ, न्हावा शेवा ते इंदूर. खरखर येत नाही, मान्य. पण स्टिअरिंग बोलत नाही हे साफ चूक. ट्रेलर भरलेला आहे का रिकामा, मी डोळे मिटून सांगेन (चालवताना नाही मिटत, घाबरू नका). किंगपिनवरचं (ट्रेलर ट्रकला अडकवणारी जाड खीळ) थोडं वजन पुढच्या ॲक्सलवर पण येतं, त्यामुळे माल भरला की स्टिअरिंग जड लागतं आणि वळण संपलं की सरळ यायला जास्त ओढतं. शिवाय रस्ता साईडपट्टीकडे उतरता असतो, गाडी सारखी डावीकडे जाऊ बघते आणि आपण नकळत दिवसभर उजवीकडे बारीकसं धरून बसतो. आता पुढचा डावा टायर बसायला लागला की तीच ओढ वाढते, आणि हे आधी हाताला कळतं, मग उतरून बघायचं. पावसात पुढची चाकं पकड सोडायला लागली की स्टिअरिंग एकदम हलकं पडतं, तिथे पोटात गोळा येतो. पोराच्या व्हीलवर तुमचा गेम खेळून बघितला. भरलेला काय न् रिकामा काय, स्प्रिंग बसवल्यासारखं आपलं मधे येतंय.

निवांत_गिअर :
दादा, ते सगळं मान्य, पण व्हीलचं पाप तुम्ही गेमच्या माथी मारताय. बहुतेकांकडे असतं ते लॉजिटेक जी२९, जोर साधारण दोन न्यूटन-मीटर, व्यास २७-२८ सेंटीमीटर आणि फिरणार ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे. जिथे तुम्ही चार-पाच फेरे मारता ते अडीचमध्ये कोंबायचं म्हटल्यावर हायवेला नुसतं बोट हललं तरी गाडी लेन सोडते. मग माणूस सेटिंगमध्ये जाऊन मधला भाग बोथट करतो, आणि परत तोच म्हणतो मधे काही फीलच नाही!

केबिन_लॅब :
तुम्ही दोघं हातातच अडकलायत. गाडी वळतेय हे माणसाला डोळ्यांनी, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाने आणि सीटवर दाबल्या जाणाऱ्या पाठीने कळतं. घरी डोळे सांगतात ऐंशीने चाललोय आणि कान सांगतो खुर्चीत बसलोय, म्हणून काहींना मळमळतं. आणि एका छोट्या स्क्रीनवर बाजूचं काही दिसत नसेल तर वेग कमी वाटतो, लोक खऱ्यापेक्षा जोरात चालवतात. ट्रेनिंगच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये केबिन हळूच कलवतात, म्हणजे आपल्याच वजनाने पाठ सीटला दाबली जाते आणि वेग घेतल्यासारखं वाटतं. हे कलणं कानाला कळणार नाही इतकं हळू पाहिजे, घाई केली की चोरी पकडली जाते.

अजून एक. चपट्या तोंडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर, कधी थोडा पुढेच बसलेला असतो, आपण कोपऱ्याच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग कापायचं. एका मॉनिटरवर बाजूची काच दिसत नाही, लोक लवकर कापतात, ट्रेलर डिव्हायडरवर चढतो आणि शिव्या स्टिअरिंगला.

साधा_विचार :
म्हणजे शिकायला उपयोग शून्य ना? मग ट्रेनिंग सेंटरवाले सिम्युलेटर कशाला मिरवतात?

केबिन_लॅब :
शून्य कसा? आरसे बघायची सवय, रिव्हर्स घेताना ट्रेलर कुठे मोडतो ते कळणं, गिअर कुठे टाकायचा, हे येतं. आणि पुढचा टायर फुटल्यावर काय होतं ते खरा ट्रेलर देऊन कोण शिकवणार?

कसारा_उतार :
त्यालाच माझा विरोध आहे साहेब. टायर फुटला की गाडी त्या बाजूला खेचते, दोन्ही हातांनी धरून ब्रेकवर न नाचता उभी करायची असते. दोन न्यूटन-मीटरच्या खेळण्यावर पोरगं शिकणार काय, तर एका हाताने सांभाळता येतं. त्यापेक्षा न शिकलेलं बरं.

निवांत_गिअर :
पण खरा ट्रकच गेमसारखा होत चाललाय त्याचं काय? व्होल्वोने २०१३ मध्ये डायनॅमिक स्टिअरिंग आणलं, हायड्रॉलिकवर इलेक्ट्रिक मोटर बसवलेली, ती तुमची साईडपट्टीकडची ओढ आणि हादरे स्वतःच मारते, स्लो स्पीडला जवळपास एका बोटाने फिरतं. त्यातून उतरून गेम खेळला तर काय फरक वाटणार?

कसारा_उतार :
ती गाडी ज्याला मिळते त्याने खेळावा. आमच्या मालकाच्या गाडीला स्टिअरिंगमध्ये दोन बोटं प्ले, म्हणजे ढिलाई आहे, तो आहे का गेममध्ये?

निवांत_गिअर :
डेडझोनचा स्लायडर आहे की :)

कसारा_उतार :
डेडझोनमध्ये स्टिअरिंग हललं तरी गाडी सरळच जाणार. प्ले असला की तेवढ्या जागेत चाकं रस्ता नेईल तिकडे जातात, म्हणून सरळ रस्त्यावर पण आमचे हात सारखे चालू असतात. त्याला कुठला स्लायडर ते सांगा.