अनुभव धागा: धंद्याची वेबसाइट तुम्ही स्वतः केलीत की करून घेतलीत?

मी लाकडी खेळणी बनवते. आजवर काम तोंडोतोंडी मिळत गेलं, पण आता नवा माणूस आधी विचारतो, "वेबसाइट आहे का?" दोन दिवस एका वेबसाइट बिल्डरशी, म्हणजे तयार साच्यांतून आपली आपण साइट जुळवायच्या सेवेशी, झटापट केली. तयार साचा सुंदर दिसत होता. त्यात माझे फोटो घातले आणि सगळी कळा गेली. करून घ्यावी म्हटलं, तर खर्चाचा अंदाज ऐकून धस्स झालं. तुमचं काय झालं ते लिहा. सल्ले नंतर, फसलेलं आधी.

हातशिलाई
स्वतः केली, तीन रविवारांत. साइट बनवायचं वर्डप्रेस फुकट म्हणून उडी घेतली. फुकट असतं ते सॉफ्टवेअर. होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि डोमेन (साइटचा पत्ता) यांचे पैसे भरतच राहावे लागतात, हे उडी मारल्यावर कळलं. कळा जाते ती फोटोंमुळे. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, मागे पांढरी चादर लावून काढून बघ.
माझा घोटाळा वेगळाच. फोनमधले फोटो जसेच्या तसे चढवले, एकेक चार-पाच एमबीचा. घरच्या वायफायवर साइट झटकन उघडायची, म्हणून मी निवांत. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, "ते चक्र फिरत होतं तेवढ्यात माझं स्टेशन आलं." मग सगळे फोटो १६०० पिक्सेल रुंदीचे करून दीड-दोनशे केबीवर आणले. डोळ्यांना फरक कळत नाही.

दुभाषा
मी करून घेतली. काम देखणं होतं, त्याबद्दल बोलणं नाही. पण डोमेन त्या मुलाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पुढे त्याला नोकरी लागली, फोन उचलेना. नूतनीकरणाच्या सूचना त्यालाच जात राहिल्या आणि एका सकाळी माझ्या साइटच्या जागी भलतंच पान. मुदत संपल्यावरही डोमेन बहुधा काही दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, पण सोडवणार कोण, ज्याच्या खात्यात आहे तोच. त्याला गाठेपर्यंत माझी झोप उडाली होती. तो पत्ता माझ्या प्रत्येक कार्डावर छापलेला.

गंजलेली चावी
आमची २००९ सालची, पूर्ण फ्लॅशमध्ये (साइटवर हलती चित्रं दाखवायचं जुनं तंत्र), व्यावसायिकाकडून. उघडताना मखमली पडदा सरकायचा, संगीत वाजायचं. आयफोनवर कोरं पान. २०२० संपता संपता फ्लॅशच बंद झालं, पण आमचा पडदा त्याच्या कितीतरी आधी पडला होता. भाऊ अजून हळहळतो.

दोघी बहिणी
आमचीही पैसे देऊन केलेली. चौकशीचा फॉर्म होता. चाचणी आमच्याच पत्त्यावरून घेतली, मेल आली, खूश. पुढे चार महिने शुकशुकाट. मंदी आहे, अशी एकमेकींची समजूत काढत होतो. मग एक बाई थेट येऊन उभ्या राहिल्या. "तीनदा लिहिलं. उत्तर द्यायची पद्धत नाही का तुमच्यात?"
झालं होतं असं, की फॉर्म मेल धाडताना प्रेषक म्हणून गिऱ्हाइकाचाच पत्ता लावायचा. आमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवतोय म्हटल्यावर मेलसेवा ती बनावट समजायची. काही स्पॅममध्ये, काही दारातूनच परत. प्रेषक म्हणून आमच्या डोमेनवरचा पत्ता, गिऱ्हाइकाचा 'रिप्लाय-टू'मध्ये (उत्तर जायचा पत्ता), आणि डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एसपीएफची नोंद: आमच्या नावाने मेल कोणत्या सर्व्हरने पाठवायची ते. अर्ध्या तासाचं काम. बनवणाऱ्याने ते सुरुवातीलाच करायला हवं होतं, आणि आम्ही परक्या पत्त्यावरून फॉर्म भरून बघायला हवा होता.
आता दर सोमवारी धाकटी तो भरते. मागच्या खेपेला तिने लिहिलं, "माझा वाढदिवस विसरलात." पोचलं.

आरोपी
मी साइट बनवतो. दुभाषा, तुमची गोष्ट वाचून आज आधी माझ्या खात्यात कुणाकुणाची डोमेनं पडून आहेत ते तपासलं. दोन निघाली. संध्याकाळपर्यंत मालकांच्या खात्यात हलवतो.
एक-दोन पानांसाठी कुणी आलं तर मी स्वतःच बिल्डरकडे धाडतो. विक्स, स्क्वेअरस्पेस अशांवर होस्टिंग आणि सुरक्षेचे अपडेट तेच बघतात. वर्डप्रेस स्वतःच्या होस्टिंगवर ठेवलंत की प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) अपडेट करणं तुमच्या गळ्यात. पण बिल्डर सोडायचा झाला तर मजकूर, फोटो नेता येतात. रचना नव्याने करावी लागते. जुने दुवेही नव्या पानांकडे ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) लावून वळवावे लागतात, ते बहुतेक जण विसरतात.
आणि आमचे उशीर निम्मे तुमच्यामुळे. "आमच्याविषयी"च्या चार ओळींसाठी एका गिऱ्हाइकाची मी सात महिने वाट पाहिली आहे. त्या ओळी तुमच्याशिवाय कुणीच लिहून देऊ शकत नाही.

धागाकर्ती
रात्री डोमेन घेतलं. माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर. बिल्डरवर एकच पान करतेय. फॉर्म ठेवतच नाही, फोन नंबर पुरे. दुकान टाकायची वेळ आली तर आरोपींकडे येईन, चार ओळी लिहूनच.
हत्तीचा फोटो छान आलाय, पण मागच्या चादरीची सुरकुती थेट त्याच्या सोंडेतून निघाल्यासारखी दिसते. इस्त्री करून उद्या परत काढते.